गाळलेलं पाणी

अनगोळ, बेळगाव
४ ऑगस्ट २०२५

प्रिय आक्का,

सन्मतीचा जय जिनेंद्र. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. सौ.चे गुडघे आणि माझी जीभ एवढं सोडलं तर बाकी ठीक चाललंय. दूधगंगेचं पाणी यंदा दाजींच्या उसात शिरलं नसावं अशी आशा करतो.

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. तीन वर्षं आपण बोललो नाही आणि आता एकदम पोस्टमन. काय करू? फोन केला तो तुझ्या लेकीनं उचलला. त्रिशला म्हणाली, "मामा, आईनं चातुर्मासात मोबाईलचा त्याग केलाय. महाराजांकडं नियमच घेतलाय." मी म्हटलं, "भाऊ बोलतोय म्हणून सांग की गं." आत जाऊन आली आणि म्हणाली, "त्याग म्हंजे त्याग, म्हणत्यात." लोक चातुर्मासात पालेभाजी सोडतात, तू मोबाईल सोडलास. हे जास्त अवघड, हे मी मान्य करतो. पण पोस्टाचा त्याग तू केलेला नाहीस, म्हणून हे पत्र.

कारण सांगतो. गेल्या मंगळवारी चिकोडी भागातून आमच्या लॅबला जे नमुने आले, त्यात तुझं रक्त होतं. बावीस वर्षं कॅम्पातल्या ह्या लॅबमध्ये मी रक्तच बघतोय. बहिणीचं रक्त दुसऱ्यांच्या रक्तापेक्षा वेगळं दिसत नाही. नळीवरचं नाव वाचलं तेव्हा मात्र मी ती बाजूला ठेवली, चहा घेऊन आलो, आणि मग मशीनला लावली. क्रिएटिनिन ५.१. बायकार्बोनेट १४.

ह्या आकड्यांचा अर्थ डॉक्टर तुला तीन मिनिटांत सांगतील, त्यातलं एक मिनिट कानडीत. माझ्याकडे दोन पानं आहेत, आणि तू मध्ये बोलू शकत नाहीस. असा योग पुन्हा येणार नाही, तेव्हा ऐक.

आपलं रक्त आंबटाच्या उलट्या बाजूला, सोड्याच्या बाजूला, किंचित झुकलेलं असतं. आमच्या भाषेत पीएच सात पॉइंट चार. त्याच्या पाच शतांश खाली, पाच शतांश वर, एवढ्याच फटीत माणूस धड राहतो. आपल्या सीमाभागापेक्षाही चिंचोळी पट्टी आहे ही. फरक एवढाच की इथं हद्द ओलांडली तर आयोग नेमत बसत नाहीत.

आणि शरीर तर दिवसभर आंबट तयार करत असतं. जेवलीस तर अन्नाचं. नाही जेवलीस तर ते स्वतःची चरबी जाळतं, तिचं आणखी जास्त. ते आवरायला घरात तिघं आहेत. पहिला, रक्तातला सोडा, म्हणजे ते वरचं बायकार्बोनेट; असावं चोवीसच्या आसपास, तुझं चौदा. तोच गं, आपल्या डब्यातला खायचा सोडा. आंबट दिसलं की जागच्या जागी टिपतो. टिपताना वायू सुटतो, तो बाहेर टाकायचं काम फुप्फुसांचं. आंबट वाढलं की काही मिनिटांत श्वास खोल होतो, भराभर होतो. आणि तिसरी, किडनी. ती सावकाश. दोन-तीन दिवस घेते, पण आंबट खरोखर घराबाहेर काढते तीच, आणि नवा सोडा करून रक्ताला देते तीही तीच. पहिले दोघं वेळ मारून नेतात. सरकारी ऑफिसासारखंच आहे हे. कारकून दहा असले तरी सही एकाच साहेबाची चालते, आणि तो रजेवर असतो.

तुझे साहेब रजेवर चाललेत, आक्का. आईच्या किडन्यांत होत्या त्याच पाण्याच्या गाठी तुझ्या किडन्यांत आहेत. मी माझ्याही तपासून घेतल्या. स्वच्छ निघाल्या. आईची एवढी एक गोष्टसुद्धा माझ्या वाट्याला आली नाही.

सोडा कमी पडला की हाडं आपल्यातला क्षार काढून देतात. तुझी कंबर दुखते ती उगीच नाही. मग उरतो श्वास. तो एकटाच ओढत बसतो.

आईची आमटी आठव. चिंच जास्त झाली की ती गूळ टाकायची आणि वर म्हणायची, "आता कुणाला कळतंय?" गुळानं आंबट लपतं, जात नाही. सोड्यानं जातं, पण आमटीची चव मरते. म्हणून कुणी घालत नाही.

डॉक्टरांनी तुला सोड्याच्या गोळ्या लिहून दिल्यात, दिवसाला तीन वेळा. त्रिशला सांगत होती की तू दोनदाच घेतेस, कारण तिसरी वेळ दिवस मावळल्यावर येते. अगं, मग पाच वाजता घे! रात्रीचा हट्ट गोळीचा नाही, चिठ्ठीवर ठोकळेबाज लिहिणाऱ्याचा आहे.

आणि तिनं दुसरं एक सांगितलं. दशलक्षण पर्वात तू दहा उपवास धरणार आहेस म्हणे. नुसत्या पाण्यावर.

नको धरू.

आईचा विषय मी ह्या पत्रात काढलेला नाही. तू काढशील, हे मला माहीत आहे.

अजून नातं मोजत असशील तर,
तुझा भाऊ
सन्मती


अनगोळ, बेळगाव
१५ ऑगस्ट २०२५

आक्का,

जय जिनेंद्र. आज सकाळी कॅम्पात शाळेची मुलं झेंडे घेऊन निघाली होती. मुख्याध्यापकांनी एक घोषणा कानडीत दिली, एक इंग्रजीत, आणि मराठी पोरांनी आपली आपण दिली. सगळ्यांचा तोल सांभाळला गेला. राखी आली नाही. मी वाट बघत नव्हतो, तरी पोस्टमनला दोनदा विचारलं.

तुझा निरोप मात्र पोचला. त्रिशलानं शब्दाला शब्द सांगितला: "आईनं अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ह्योच उपास धरला हुता. आई कशी गेली ते सगळ्या निपाणीनं बघितलंय. मला तसं मरण आलं तर सोनं व्हईल." पोरगी हे सांगताना रडत होती. ते तू सांगितलेलं नव्हतंस, ते तिचं तिनं जोडलं.

तर मग आईचा विषय.

तीन वर्षांपूर्वी पर्वाच्या आदल्या दिवशी आईनं माझ्यामागं लकडा लावला आणि मी तिला अनगोळहून निपाणीच्या घरी घेऊन गेलो. जिनदेवाची बस्ती चार घरं सोडून, शेजार ओळखीचा, वखारीतल्या तंबाखूचा वास नाकाला सवयीचा. "हितं देव बी मला नावानं वळखतोय," म्हणायची. तू सदलग्याहून रोज सकाळच्या गाडीनं यायचीस आणि ऊन उतरताना परत जायचीस. सहाव्या दिवशी दुपारपासून तिचा श्वास बदलला. लांब, खोल, एकसारखा. मध्ये थांबा नाही. डोळे मिटलेले, पाठ भिंतीला. कुणीतरी बाई म्हणाली, "ध्यान लागलंय गं." आणि दार उघडंच राहिलं. बायका येऊन पाया पडून जात होत्या. तू उदबत्ती लावलीस.

मी कोपऱ्यात बसून घड्याळावर मोजत होतो. मिनिटाला चौतीस श्वास, धड माणसाच्या दुप्पट.

उपवासाच्या महिनाभर आधी आईचा रिपोर्ट मीच काढला होता. तिचंही बायकार्बोनेट चौदाच होतं, तुझ्याएवढंच. उपासात चरबी जळायला लागली, किडन्या तर आधीच बसलेल्या. उरलेला सोडा संपला, आणि फुप्फुसं एकटीच ते सगळं बाहेर फेकत होती. मागून वाघ लागलेला माणूस जसा धावतो तसा तिचा श्वास धावत होता. फक्त ती बसल्या जागी होती, म्हणून आपल्याला ते शांत दिसलं. ज्याचं खरंच ध्यान लागतं त्याचा श्वास मंद होतो, हे लॅबमध्ये न बसणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण चौतीस हा आकडा त्या खोलीत कुणाला नको होता.

आठव्या दिवशी सकाळी ती गेली. पुढं शोकसभेत समाजाचे अध्यक्ष भरमू आण्णा माइकवर म्हणाले, "काय ते ध्यान! असं ध्यान मुनींना लागतंय." आणि मी तिसऱ्या रांगेतून म्हटलं, "ध्यान न्हवं आण्णा, धाप हुती."

दोघं-तिघं हसले. तू मागं वळून बघितलंस. त्या दिवसापासून तू बोलत नाहीस. नंतर मी सगळ्यांना सांगत सुटलो की मस्करी केली, तोंडाला खोड आहे. मस्करी नव्हती. मी खरं बोललो आणि मग घाबरून त्याला मस्करीचं नाव दिलं. माझा हा जुनाच धंदा. गूळ टाकायचा.

आता धर्माचं. तू म्हणशील, ह्याला काय कळतं. म्हणून गेल्या रविवारी मी चिकोडीच्या बाजूला चातुर्मासाला असलेल्या महाराजांकडे गेलो. तुझं नाव न घेता सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजाऱ्याला दहा उपवास कुणी सांगितले? शक्ती बघून तप करायचं असतं. एकाशन करा म्हणावं. दिवसा एकदा बसून जेवायचं, त्याच बैठकीला औषध घ्यायचं. तेही तपच आहे." मी उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्ही कधीपासून धर्मात पडलात?" म्हटलं, "पडलो नाही महाराज, अडकलोय." ते हसले. तूही हसली असतीस, पूर्वीची असतीस तर.

म्हणजे तुझ्यापुढं दार उघडं आहे. एकाशन कर, गोळ्या घे, दहाव्या दिवशी माझ्या डोक्यावर पारण्याचं ताट आपट.

आईबद्दल एवढंच सांगतो की मी तिची इच्छा मोडली नाही. तिला जसं जायचं होतं तसं मी जाऊ दिलं.

पत्र त्रिशलाला वाचून दाखवू नकोस.

सन्मती


अनगोळ, बेळगाव
२४ ऑगस्ट २०२५

आक्का,

आज खुशाली नको.

परवा त्रिशलानं तुझा निरोप सांगितला. एकच वाक्य. "तुला म्हाईत हुतं तर गप का बसलास?"

मी दोन दिवस ह्या वाक्यापुढं बसून आहे. गेल्या पत्रात शेवटी मी जे लिहिलं, इच्छा मोडली नाही वगैरे, ते वाचून तुला बरं वाटलं असेल तर वाईट वाटतं. ते खोटं होतं. म्हणजे सभेत बोलायला चांगलं होतं.

त्या पर्वात पाणी उकळायचं काम मी मागून घेतलं होतं, आठवतं? तू कौतुकानं शेजारणींना सांगायचीस, "माझा भाऊ सुधारला गं. सवता पाणी गाळतोय, सवता उकळतोय." पातेल्यावर दुहेरी घडीचं गाळणं, मग उकळी, मग ताट झाकून गार करायचं, मग तांब्या. सगळं यथासांग. आणि तांब्या भरल्यावर मी खिशातली पुडी काढायचो. पाव चमचा खायचा सोडा. सकाळच्या पाण्यात एकदा, दुपारच्या पाण्यात एकदा.

जीवजंतू पोटात जाऊ नयेत म्हणून जे पाणी आपण दोनदा गाळतो, त्यात मी चोरून औषध घालून आईला पाजलं. तिच्या व्रतात पाण्याशिवाय काही नव्हतं. मी ते पहिल्या दिवसापासून मोडत होतो आणि वर तुझ्याकडून शाबासकी घेत होतो.

पाच दिवस ती चांगली होती. श्वास शांत, बोलणं सरळ. बायका म्हणायच्या, तेज आलंय. मला हसू यायचं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी, तू निघायच्या तयारीत होतीस, तेव्हा भरमू आण्णा आले. म्हणाले, "गुणाबाई, चतुर्दशीला रथावर तुम्ही बसायचं. ह्या वयात असा उपास गावात कुणी केलेला न्हाई."

आई म्हणाली, "माझ्याच्यानं कुठलं व्हतंय आण्णा? त्यो बळ देतोय म्हणून चाललंय."

मग आण्णा माझ्याकडे वळले. "काय रं सन्मती? चौदाचा आकडा म्हणत हुतास न्हवं? चार दिस न्हाई काढायची म्हणालतास. बघ म्हातारी कशी ताठ बसलीया. हरली का न्हाई तुझी मशिनं?"

सगळी खोली हसली. तूही हसलीस. आईसुद्धा पदराआड हसली.

आयुष्यभर मी लोकांना हसत आलो, आक्का. मला हसलेलं सोसलं नाही. बळ माझ्या खिशातल्या पुडीचं होतं आणि हार माझ्या मशीनची होती. मी मनात म्हटलं, असं काय? मग उद्या बघू.

सहाव्या दिवशी पुडी खिशातच राहिली.

तिला मारायचं मनात नव्हतं. हे मी कुणाला पटवायला लिहीत नाही, फक्त क्रम सांगतोय. मला वाटलं, दुपारपर्यंत ती थकेल, स्वतःच म्हणेल, बास झालं. मी गाडी बोलावीन, बेळगावला आणीन, सलाईन लागेल, दोन दिवसांत उठून बसेल. भरमू आण्णा भेटायला येतील तेव्हा मी काय बोलायचं, ते वाक्यसुद्धा मी तयार ठेवलं होतं. वाद जिंकायचा होता मला. एवढंच.

दुपारी श्वास बदलला. मला वाटलं होतं तसाच. फक्त ती बास म्हणाली नाही, आणि बायका ध्यान म्हणाल्या. आता खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. पाच दिवस तिचं व्रत मोडलं, हे भरल्या खोलीत, तिच्या देखत. मी मोजत बसलो.

सातव्या दिवशी सकाळी पुडी काढली होती. खरंच काढली होती. तेवढ्यात तू स्वयंपाकघरात आलीस, माझ्या पाठीवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "किती करतोस रं आईसाठी." मी पुडी परत खिशात घातली.

तेवढ्या सोड्यानं ती वाचली असती का, मला माहीत नाही. पाव चमच्यावर किती दिवस रेटता येतं हे सांगणारं मशीन अजून आलेलं नाही. दवाखान्यात नेलं असतं तर बहुतेक वाचली असती. आणि न्यायचं मी ठरवू शकत होतो, कारण त्या घरात तो आकडा वाचता येणारा मी एकटाच होतो.

म्हणून गप्प बसलो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे.

बस्तीच्या भिंतीवर तू जी फरशी बसवलीस, 'ध्यानस्थ अवस्थेत, अंतिम शब्द णमोकार', तिच्यासमोरून मी तीन वर्षं मान खाली घालून जातो. लोकांना वाटतं, सन्मती नम्र झाला.

तू मला भाऊ म्हणू नकोस. पण ज्या मरणाला तू सोनं म्हणतेस ते माझ्या खिशातून आलेलं आहे, ते तुझ्यासाठी नको मागू. पंचमी गुरुवारी आहे. मी बुधवारी सदलग्याला येतोय. घरात घे किंवा घेऊ नकोस, बाहेर कट्टा आहे. किडनीच्या डॉक्टरांशी बोललोय, ते वाट बघतायत. माझ्या स्वच्छ किडन्यांचं काय करायचं ते पुढचं पुढं बघू, त्यांचा मला तसाही अभिमान नाही.

सन्मती


सदलगा, तुझ्या कट्ट्यावरून
२८ ऑगस्ट २०२५, भाद्रपद शुद्ध पंचमी

आक्का,

दोघांच्यात एक भिंत आहे आणि मी पत्र लिहितोय. दाजी येऊन दोनदा म्हणाले, "आत या की ओ, लोक बघत्यात." म्हटलं, बघू देत. लोकांनी बघितलं नाही म्हणूनच हे सगळं झालं. काल तू दार उघडलं नाहीस. चहा पाठवलास. साखर नव्हती त्यात, विसरलीस का मुद्दाम, विचारणार नाही.

सकाळी तू बस्तीला जाताना माझ्यासमोरून गेलीस. मी तुझ्याकडे बघितलं नाही, तुझ्या श्वासाकडे बघितलं. पाच पायऱ्या चढून तू थांबलीस. पूजेचं ताट त्रिशलाच्या हातात दिलंस. मी मोजलं. सव्वीस. आणि उपवासाचा हा पहिलाच दिवस.

आत्ता त्रिशला चिठ्ठी घेऊन आली. दिनदर्शिकेचं फाडलेलं पान, मागं तुझं अक्षर. तीन वर्षांनी बघितलं. पूर्वी ठसठशीत होतं. "आई शेवटचं काय बोलली? खरं."

सांगतो. हे एकच उरलं होतं. गेल्या पत्रात सगळं सांगतो म्हटलं आणि हे ठेवून घेतलं.

णमोकार मी म्हटला होता. आठव्या दिवशी सकाळी, तिच्या कानाशी, ती ऐकत होती की नाही ठाऊक नाही. तू गाडीतून उतरून धावत आलीस आणि विचारलंस, तेव्हा मी तो तिच्या तोंडी घातला. तू ते धरून बसलीस आणि फरशीवर कोरलंस.

ती शेवटचं बोलली ती सातव्या दिवशी दुपारी. तू बाहेर बायकांत होतीस. मी पाणी घेऊन गेलो. उठवून बसवलं. तिनं दोन घोट घेतले आणि तांब्या खाली ठेवला. दोन श्वासांच्या मधे एकेक शब्द बसवत म्हणाली, "सन्मती... ती चव न्हाई रं ह्यात. कालपास्नं न्हाई."

मी म्हटलं, "कुठली चव, आई?"

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी शाळेतून पळून यायचो आणि सुट्टी होती म्हणून सांगायचो, तेव्हा बघायची तशी. रागानं नाही. मग म्हणाली, "असू दे."

बास. ह्याच्यापुढं ती बोलली नाही.

तिला ठाऊक होतं, आक्का. पहिल्या तांब्यापासून. सोड्याची चव लपत नाही. आमटीचं आंबट जिभेच्या टोकावर तोलणारी बाई ती, तिला कळणार नाही असं मला कसं वाटलं? पाच दिवस ती ते जाणून पीत होती. थुंकली नाही, विचारलं नाही, मला उघडं पाडलं नाही. भरमू आण्णा माझ्या मशीनला हसले तेव्हा ती पदराआड हसली, ते मी तीन वर्षं माझ्यावर हसणं समजलो. आता वाटतं, ती आणि मी मिळून सगळ्यांना हसतोय, असं तिला वाटलं असेल. तिच्या लेखी उपासही होता आणि औषधही होतं, आणि दोन्ही एकाच तांब्यात मावत होतं. मावत नव्हतं ते मला. माझ्या वादाला.

आणि तिनं पुन्हा मागितलं तेव्हा मी म्हटलं, कुठली चव.

म्हणून सांगतो, आईसारखं करायचं असेल तर नीट आईसारखं कर. तिनं सोडा घेतला होता.

त्रिशलानं तुझं पाणी बाहेर आणलंय. तिनंच गाळलं, तिनंच उकळलं. डॉक्टरांनी लिहिलेल्या दोन गोळ्या मी तिच्यासमोर त्यात विरघळवल्या. शेजारची नागुबाई भिंतीवरून विचारत होती, "काय घालतोस रं त्यात?" मी मोठ्यानं सांगितलं, सोडा. आता सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. दुपारचे बारा वाजलेत, ऊन आहे, एकाशनाची वेळ अजून गेलेली नाही. ताट दाजींनी वाढून ठेवलंय म्हणे.

नको असेल तर मोरीत ओत. मी आवाज ऐकणार नाही, कान म्हातारे झालेत. पण प्यायलीस तर पहिल्याच घोटाला चव लागेल. खारट, थोडी साबणासारखी. लागली तर उद्याही लागेल, परवाही लागेल. आणि एखाद्या दिवशी लागली नाही तर मला हाक मार. मी कट्ट्यावरच आहे.

कुठली चव, असं आता न विचारणारा,
तुझा धाकटा
सन्मती